नळाच्या पाण्यातले हुलगे

भर दुपारी पाहुणे आले. सरबताला बर्फ हवा म्हणून फ्रीझर उघडला, तर आत बर्फ सोडून सगळं होतं. हुलगे, चवळी, काबुली चणे, राजमा, पावटे. सगळ्या पिशव्या पांढऱ्या पडलेल्या. शेवटी माठातल्या पाण्याचं सरबत दिलं. "मे महिन्यात, सोलापुरात, घरात बर्फ नाही?" पाहुण्यांतले एक काका म्हणाले. काय सांगणार? हुलगे आहेत, चालतील का?

पण त्याला कारण आहे, आणि ते सोलापूरकरालाच कळेल. आमच्याकडे नळ रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतो, तोही कधी रात्री दोनला. मधले दिवस बोअरवर. आणि बोअरच्या पाण्यात हुलगे शिजवून बघावेत कुणीही. शिट्ट्यांवर शिट्ट्या घ्या, ताटात पडतात ते छर्रेच. जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाला, धरून बसतं आणि दाण्याला मऊ होऊ देत नाही. वर तो दाणा एखादा उन्हाळा डब्यात काढलेला असला की संपलंच. आमच्या पत्र्याखालच्या कोठीत एप्रिल-मे काढलेला हरभरा शिजवायला गॅसपेक्षा धीर जास्त लागतो.

तर नळ आला की लोक आधी टाकी बघतात, मी आधी कडधान्याचे डबे काढते. भिजवायला दाण्याच्या तिप्पट पाणी, उन्हाळ्यात मधे एकदा बदलायचं, मग दोनदा धुवायचं. एवढं पाणी पिण्याच्या हंड्यातून घ्यायला जीव होत नाही. शिजवायला मात्र त्यातलं तांब्याभर पुरतं. म्हणून भिजवण्याचा कार्यक्रम नळाच्या दिवशी, आणि पुढचे दिवस फ्रीझर. भिजलेले दाणे निथळून, फडक्यावर कोरडे करून, आधी ताटात एकेरी पसरून गोठवायचे आणि मग पिशवीत. तसेच ओले पिशवीत कोंबले तर दगड होतो आणि वरवंट्यानं फोडावा लागतो. शिजवलेले असतील तर त्यांच्याच पाण्यासकट डब्यात, पण डबा काठोकाठ नाही. पाण्याचा बर्फ होताना ते ९ टक्के फुगतं, आणि झाकण उडालेलं सकाळी दिसतं. हेच फुगणं दाण्याच्या आतही होतं, पेशी फाटतात, म्हणून गोठवलेले हुलगे कुकरमध्ये लवकर नमतात. मला हे फार आवडतं. बोअरच्या पाण्यापुढे न नमणारे हुलगे थंडीपुढे नमतात.

आजी हुलगे शिजवायची ते चुलीवर. मिलच्या चाळीत आमची खोली, आणि आजीकडे घड्याळ नव्हतं, भोंगा होता. पहाटेच्या भोंग्याला हुलगे चुलीवर चढायचे. मग ती जळण मागे ओढून घ्यायची, म्हणजे रटरट थांबून नुसतं बुडबुड सुरू राहायचं. काळं पडलेलं पातेलं, त्यावर पाण्यानं भरलेला तांब्या झाकण म्हणून. आटलं की तांब्यातलंच गरम पाणी आत. गार पाणी घातलं तर हुलगे रुसतात, असं तिचं म्हणणं. दुपारच्या भोंग्याला आजोबा यायचे तेव्हा वरच्या पाण्याचं सार लसणाच्या फोडणीत उकळत असायचं आणि खालचे दाणे कांद्याबरोबर परतलेले, शेजारी कडक भाकरी. मी सारात भाकरी बुडवून ती मऊ व्हायची वाट बघत बसायचे आणि तेवढ्यात आजोबांचं जेवण होऊन ते पुन्हा निघालेले असायचे. कच्चे हुलगे रांजणात, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून. तरी भुंगे व्हायचे. आजी ते सुपातून निवडायची, शिव्या देत देत, आणि त्या शिव्या भुंग्यांना होत्या की मुकादमाला ते कळायचं नाही.

मटकी मात्र मी गोठवत नाही. मोड आलेली मटकी फ्रीझरमधून काढली की मोड लोळागोळा झालेले असतात. उसळीला चालते म्हणतात. चालत असेल. मटकीचा मोड दाताखाली कुरकुरला नाही तर मटकी कशाला करायची? शिवाय आमच्या उन्हाळ्यात मटकीला मोड आणायला कष्ट नाहीत, लक्ष ठेवावं लागतं ते आंबूस वासावर.

पूर्वी माझी पिशवी चार मुठींची असायची. दोन्ही मुलं पुण्याला गेली आणि ती दोन मुठींची झाली. कुणी ठरवलं नाही. एक दिवस फ्रीझर आवरताना तळाशी जुनी मोठी पिशवी सापडली, तेव्हा कळलं. तिच्यातली चवळी मी मोलकरणीला दिली. का ते मलाही माहीत नाही.

सासूबाईंना हा सगळाच प्रकार मान्य नाही. "हे कधीचं गं?" हा त्यांचा ताटावर बसल्याबरोबरचा प्रश्न. त्यांच्या मते काल शिजवलेलं ते आज शिळं, मग ते कुठंही ठेवा. मी म्हणते, आई, उणे १८ अंशांत जंतू हलूसुद्धा शकत नाहीत, शिळं होणार कसं? त्या म्हणतात, जंतूचं मी बोलतच नाही. मग कशाचं बोलताय, तर ते त्या सांगत नाहीत. नुसते भिजवून गोठवलेले चालतात, शिजवून गोठवलेले नाहीत, अशी तडजोड मी सुचवली होती. त्यावर त्यांनी विचारलं, "एकादशीला शिजवून ठेवलेलं द्वादशीला काढलं तर ते कुठल्या दिवसाचं?" पंढरपूर इथून दीड तासावर, हा प्रश्न थट्टेवारी नेता येत नाही. मी गप्प बसले.

त्याच आठवड्यात वळीव आला. संध्याकाळी धूळ, मग गारा, मग लाईट गेली ती आलीच नाही. रात्री दहाला फ्रीझरला हात लावला तर पिशव्या मऊ, आत थोडे बर्फाचे कण शिल्लक. आता ठेवण्यात अर्थ नव्हता. राजमा वेगळा काढून खळाखळा उकळला, त्याला दहा मिनिटं तरी तशी उकळी लागते, नाहीतर पोट धरून बसावं लागतं. बाकी सगळं मोठ्या पातेल्यात एकत्र, वर काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट. मेणबत्त्यांच्या उजेडात समोरच्या अक्का आल्या, त्यांनी ज्वारीच्या भाकऱ्या आणल्या, मागून वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड आलं. त्या पातेल्यात भिजवलेलं होतं, शिजवलेलं होतं, या महिन्यातलं होतं, मागच्या महिन्यातलंही होतं. सासूबाई दुसऱ्यांदा वाटी पुढे करत होत्या. मी हळूच विचारलं, "आई, हे कधीचं म्हणायचं?"

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.