फ्रोडोच्या प्रवासाची तिथी

इंदूर, २४ सप्टेंबर, रात्र

टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतली आजची रात्र शायरच्या, म्हणजे हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या देशाच्या, रानातली. जादूची अंगठी घेऊन निघालेल्या फ्रोडो या हॉबिटने काल, २३ सप्टेंबरला, घर सोडलं. आज त्याला एल्फ नावाचे अमर लोक भेटतात, आणि त्यांच्या संगतीत बसलेला असताना पूर्वेला एकामागून एक तारे वर येतात. जाळ्यात गुंतल्यासारखा एक पुंजका आधीच वर आलेला असतो. मग धुक्यावर एक तांबडा तारा उगवतो, आणि त्याच्यामागून चमकता कमरपट्टा बांधलेला तलवारवाला. टॉल्किनने नावं दिली आहेत रेम्मिराथ, बोर्गिल, मेनेलवागोर. ज्याला सत्तावीस नक्षत्रं पाठ आहेत त्याला टीप वाचायची गरजच नाही: कृत्तिका, रोहिणी, मृग. तिसरं, चौथं, पाचवं. बोर्गिल म्हणजे मृगातला तांबडा तारा काक्षी असंही काही जण मानतात. पण पुंजका आणि मृग यांच्या मधे उगवणारा तांबडा तारा म्हटल्यावर मला तरी रोहिणीच पटते.

इंदुरात आजच्या तारखेला कृत्तिका सव्वानऊच्या सुमारास उगवते, रोहिणी सव्वादहानंतर, आणि मृगाचा पट्टा बाराला दहा-बारा मिनिटं कमी असताना. क्षितिजावरचा धुरळा सोडून नीट दिसायला प्रत्येकाला आणखी अर्धा तास द्यावा. राजवाड्याच्या बाजूला उजेडामुळे कृत्तिकेचा धूसर ठिपका तेवढा हाती लागतो. महूच्या पुढे जानापावकडे गेलं आणि परतीच्या पावसाचे ढग नसले, तर सहा तारे मोजता येतात. शायरमध्ये मात्र कृत्तिका याच वेळी कितीतरी वर असते. फ्रोडोचं गाव हॉबिटन साधारण ऑक्सफर्डच्या अक्षांशावर कल्पिलेलं आहे, म्हणजे ५२ अंशांच्या आसपास. इंदूर पावणेतेवीसवर. जितकं उत्तरेला जावं तितकी कृत्तिका लवकर उगवते. पुस्तकातही ती त्या वेळी उंचच लिहिली आहे.

या कादंबरीवर जीव जडतो तो अशा जागांमुळे. अंगठी खोटी, एल्फ खोटे, देश खोटे. आकाश मात्र खरं. आणि चंद्राचा हिशेब तर इतका चोख, की ज्या घरात संकष्टीचा चंद्रोदय बघून पान वाढलं जातं, त्या घरातल्या वाचकाने तिथी न लावता हे पुस्तक वाचणं म्हणजे हातातलं सोडून देणं.

हा हिशेब आपोआप जमलेला नाही. मे १९४४ मध्ये टॉल्किनने मुलाला लिहिलेल्या पत्रात चंद्राची तक्रार आहे: कथेच्या एका भागात चंद्र उगवतो आहे आणि त्याच वेळी दुसऱ्या भागात मावळतो आहे. ते दुरुस्त करायला मागची प्रकरणं पुन्हा लिहावी लागली. पुस्तक छापून आलं १९५४-५५ मध्ये, तीन खंडांत. मधली दहा वर्षं कुणी विचारलंही नसतं की चंद्र कुठे होता.

तिथी लावायची वही अशी करावी. तीन रकाने: तारीख, ठिकाण, तिथी. तारखा मागच्या परिशिष्टात दिल्या आहेत. तिथीसाठी एक खुंटी पक्की धरायची, ८ मार्चची पहाट. गोंडोर राज्याचा सरदार फॅरामिर फ्रोडोला उजाडायच्या आधी उठवून धबधब्याच्या वर नेतो, तेव्हा पश्चिमेला पूर्ण गोल चंद्र मावळत असतो. पहाटे मावळणारा पूर्ण चंद्र म्हणजे पौर्णिमा, दुसरं काही असूच शकत नाही. कारण त्या दिवशी सूर्य आणि चंद्र समोरासमोर असतात. तिथून साडेएकोणतीस दिवसांनी मागे मागे जायचं. शायरचा प्रत्येक महिना ३० दिवसांचा, त्यामुळे पौर्णिमा दर महिन्याला जेमतेम अर्धा दिवस सरकते आणि हिशेब बोटांवर होतो. फेब्रुवारीची ८ ला, जानेवारीची ८-९ ला. वर्ष बदलताना यूलचे दोन दिवस कुठल्याच महिन्यात मोडत नाहीत, ते विसरायचे नाहीत. म्हणून डिसेंबरची ११ ला येते, ऑक्टोबरची १२ ला, सप्टेंबरची १२-१३ ला.

आता पुस्तकातली आजची रात्र बघा. वद्य एकादशी-द्वादशी. चंद्र पहाटेच उगवायचा. म्हणून तर तारे इतके ठसठशीत. ६ ऑक्टोबरला वेदरटॉप टेकडीवर शत्रूचे काळे स्वार चालून येतात ती निघते शुद्ध नवमी, आणि पुस्तकात त्या रात्री चंद्र वर चढतो आहेच.

बहुतेकांची वही फेब्रुवारीत चुकते. आपला २८ दिवसांचा फेब्रुवारी धरला, की लोरिएन हे एल्फांचं रान सोडल्यापासून पौर्णिमेपर्यंत २० दिवस भरतात. पुस्तकात ते २२ आहेत. दोन दिवसांत चतुर्दशीची प्रतिपदा होते आणि फॅरामिरचा चंद्र जागेवर बसत नाही. वारांचा रकाना तर घालूच नये. शायरमध्ये वर्षाच्या मध्याचा दिवस कुठल्याच आठवड्यात धरत नाहीत, म्हणून तिथे ठरावीक तारखेला दर वर्षी ठरावीकच वार येतो. आपल्या दिनदर्शिकेशी ते जुळणार नाही.

सगळ्यात सुंदर जागा लोरिएनची. तिथल्या पहिल्या रात्री, १५ जानेवारीला, झाडावरच्या माचीवरून फ्रोडोचा सोबती सॅम उतरता चंद्र बघतो. वद्य सप्तमीच्या आसपासचा. लोरिएन सोडून नदीने निघाल्यावर आठव्या संध्याकाळी सूर्यामागोमाग मावळणारी बारीक कोर दिसते. सॅम चक्रावतो. मधे तो थोडेच दिवस मोजतो, आणि चंद्र तर असा, जणू लोरिएनमध्ये वेळ गेलाच नाही. त्यांचा वाटाड्या ॲरागॉर्न सांगतो की बाहेरच्या जगात एक अख्खा चंद्र वाढून सरला. १७ जानेवारी ते १६ फेब्रुवारी, तीस-तीसच्या महिन्यांनी २९ दिवस. म्हणजे एक चांद्रमासच. सॅमला जे कोडं वाटतं ते आपल्याकडे आजी एका वाक्यात सोडवेल: अरे, ही पुढच्या महिन्याची बीज! आणि तरीही कोड्यातली जादू उणावत नाही. दिवस गेले हे चंद्र सांगतो, पण ते अंगाला लागले नाहीत, हे सॅमचं म्हणणं शिल्लक राहतंच.

चंद्राचा दुसरा उपयोग शिवणीचा. दुसऱ्या खंडात आधी फ्रोडो-सॅमपासून वेगळ्या झालेल्या सोबत्यांची पूर्ण गोष्ट येते, ५ मार्चपर्यंत, आणि मग पान उलटलं की फ्रोडो आणि सॅम पुन्हा फेब्रुवारीच्या अखेरीला डोंगरात अडकलेले. इथे नवा वाचक हमखास गोंधळतो. पण तिसऱ्या खंडाच्या पहिल्याच पानांवर जादूगार गँडाल्फच्या घोड्यावर बसलेल्या पिपिन या हॉबिटला चंद्र दिसतो, आणि लेखक सांगतो की तोच चंद्र दूरवर फ्रोडो मावळताना बघतो आहे. ही ७-८ मार्चची रात्र. दोन्ही गोष्टींच्या वह्या इथे एकमेकींवर ठेवून टाचता येतात.

१० मार्चला अंधार पसरतो आणि आकाशच झाकलं जातं. तिथून पुढे तिथी फक्त हिशेबाने लावायची. २५ मार्चला अंगठी आगीत पडते, त्या दिवशी शुद्ध बीज-तीज निघते. हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, पण वहीत ते दिसलं की चटका बसतो: चंद्र नुकता पुन्हा सुरू झालेला.

इंदुरात दोन पंचांगांची सवय घराघरात असते. आपला महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या हिंदी घरातला पौर्णिमेला. महाशिवरात्र आपली माघात, त्यांची फाल्गुनात. उपास एकाच दिवशी. त्यामुळे अंगठी नष्ट झाल्यावर सॅम जागा होऊन तारीख विचारतो तेव्हा गँडाल्फचं उत्तर इथल्या माणसाला अजिबात अवघड वाटत नाही. नव्या वर्षाचा चौदावा दिवस, किंवा शायरच्या मोजणीने ८ एप्रिल. गोंडोरचं नवं वर्ष आता २५ मार्चपासून धरायचं, म्हणून चौदावा. त्याच रात्री मेजवानी आटोपल्यावर आंदुइन नदीच्या धुक्यावर गोल चंद्र सरकताना दिसतो. फॅरामिरच्या पहाटेपासून ३० दिवस. तिसऱ्या रकान्यात १५ लिहायचं.