सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा

मेकॅनिकने चालकाच्या बाजूचा सीटबेल्ट हातात धरला आणि हळूहळू ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. रोजच्या वापरात जेवढा पट्टा बाहेर येतो तेवढा स्वच्छ आणि काळा होता. त्यापुढचा भाग एरवी खांबाच्या आतल्या गुंडाळीतच राहतो. तो करडा आणि कडक झाला होता आणि त्यावर वाळलेल्या गाळाची आडवी रेघ स्पष्ट दिसत होती. त्याने ती नखाने खरवडली, निघालेली बारीक माती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "ताई, ही गाडी पाण्यात गेलेली आहे. घेताना कोणी सांगितलं नाही का?"

कोणी सांगितले नव्हते. ही गोष्ट मार्च 2018 मधली आहे. गाडी मी आधीच्या डिसेंबरमध्ये पश्चिम उपनगरातल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून 3 लाख 85 हजार रुपयांना घेतली होती. चार वर्षांची सेडान, एकच मालक, काट्यावर 38 हजार किलोमीटर, नवी सीटकव्हर, नवे मॅट आणि आत लिंबाचा ताजा वास. 2017 च्याच 29 ऑगस्टला मुंबईत ढगफुटीसारखा पाऊस झाला होता आणि सांताक्रूझच्या वेधशाळेत दिवसभरात सुमारे 331 मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. 26 जुलै 2005 चे 944 मिलिमीटर ज्यांनी अनुभवले आहेत त्यांना हा आकडा लहान वाटेल; पण हिंदमाता, मिलन सबवे, कुर्ला, किंग्ज सर्कल अशा सखल भागांत उभ्या असलेल्या गाड्यांच्या आसनापर्यंत पाणी चढायला त्याहून कितीतरी कमी पाऊस पुरतो. पावसाळ्यात बुडालेल्या गाड्या धुऊन, वाळवून, सजवून दिवाळीनंतर बाजारात येतात, एवढी साधी गोष्ट मुंबईत जन्म काढूनही मी गाडी घेताना लक्षात घेतली नव्हती.

पुढच्या वर्षभरात वायरिंग, इंजिनाचा कंट्रोल युनिट, एसीचा ब्लोअर आणि अल्टरनेटर यांवर मिळून माझे 1 लाख 10 हजार रुपये गेले. पाण्यात गेलेल्या गाडीचे इंजिन बहुतेक वेळा नीट करता येते. दगा देते ती वीज. वायरिंगच्या जोडांमध्ये शिरलेला ओलसर गाळ महिनोन्महिने तांबे कुरतडत राहतो, आणि म्हणून आज काच खाली जात नाही, उद्या दिवा लागत नाही, परवा गाडी सिग्नलला बंद पडते. प्रत्येक बिघाड वेगळा वाटतो आणि प्रत्येकाचे बिल वेगळे येते. एअरबॅगचा कंट्रोल युनिटही बऱ्याच गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, जवळजवळ फरशीलगत असतो, त्यामुळे आसनापर्यंत पाणी आलेल्या गाडीतली एअरबॅग वेळेला उघडेल की नाही हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. मला पैशांपेक्षा या गोष्टीचा त्रास अधिक झाला, कारण त्या गाडीतून मी तीन महिने माझ्या आईला डायलिसिससाठी नेत होते.

तेव्हापासून ओळखीतले कोणीही जुनी गाडी पाहायला निघाले की मी सोबत जाते. सीटबेल्ट चारही ओढून पाहते. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनी बाहेर काढायला लावते आणि तिच्या खड्ड्याच्या कोपऱ्यांत बोट फिरवते, कारण धुणारा माणूस तिथपर्यंत क्वचितच पोहोचतो. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून तिच्या रुळांचे स्क्रू आणि खालच्या स्प्रिंगा मोबाइलच्या उजेडात बघते. चार-पाच वर्षांच्या गाडीत बाहेरचा पत्रा चकचकीत आणि सीटखालचे स्क्रू मात्र गंजलेले असतील, तर मी पुढे बोलणी करत नाही. किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू होण्यापूर्वी, डॅशबोर्डवरचे सर्व इशारादिवे काही क्षण लागून विझले पाहिजेत. जो दिवा विझत नाही तो बिघाड सांगतो हे सर्वांना माहीत असते, पण जो दिवा मुळात लागतच नाही तो अधिक धोक्याचा आहे, कारण तो कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. आणि कडक सुगंध मारलेली गाडी असेल तर काचा बंद करून, एसी न लावता दहा मिनिटे आत बसावे. कुबट वास अत्तराखालून वर येतोच.

किलोमीटरचा काटा मागे फिरवलेला असण्याची शक्यताही धरूनच चालावे. टायरच्या बाजूवर कोरलेल्या आकड्यांतले शेवटचे चार अंक तो टायर कोणत्या वर्षीच्या कितव्या आठवड्यात बनला ते सांगतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. काट्यावर 18 हजार किलोमीटर असताना चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी तरुण असतील, तर पहिले टायर एवढ्या लवकर का झिजले हे विचारले पाहिजे. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबरही तसेच बोलते.

तरीही माझ्या त्या गाडीची खरी हकिकत पत्र्यात किंवा गालिच्याखाली शोधावी लागलीच नसती, कारण ती कागदावर लिहिलेली होती. विम्याच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस नावाचा एक रकाना असतो. वर्षभरात दावा केला नाही तर पुढच्या वर्षी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात 20 टक्के सवलत मिळते, आणि दावा न करता वर्षे गेली की ती 25, 35, 45 अशी वाढत 50 टक्क्यांपर्यंत पोहोचते. दावा केला की ती शून्यावर येते. मी घेतलेली गाडी चार वर्षांची होती, तिचा विमा ऑक्टोबर 2017 मध्ये नव्याने काढलेला होता आणि त्या रकान्यात शून्य लिहिलेले होते. म्हणजे आदल्या वर्षभरात त्या गाडीवर दावा झाला असण्याची दाट शक्यता होती. तो कागद पहिल्या दिवसापासून माझ्या फाइलमध्ये होता. मी फक्त विम्याची मुदत कधी संपते एवढेच पाहिले होते. आता मी विक्रेत्याकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागते, शून्य दिसले तर दाव्याचे कारण लेखी मागते आणि गाडीचा क्रमांक घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जुन्या कामांची यादी काढायला लावते. यादी मिळवून द्यायला जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याकडे किंमत कितीही कमी असली तरी मी थांबत नाही.

कागदांपैकी कर्जाचा बोजा हा दुसरा. आरसीवर बँकेचे नाव असेल तर कर्ज फिटल्याचे केवळ तोंडी सांगणे पुरत नाही. बँकेचा ना हरकत दाखला आणि आरसीवरून बँकेचे नाव काढण्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. बाकी असलेली ई-चलने महाट्रॅफिक ॲपवर दिसतात आणि ती पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचे अधिकारपत्र आहे का हेही विचारावे, कारण 1 एप्रिल 2023 पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी ते बंधनकारक झाले आहे.

यंदा माझ्या भाच्याने गाडी घ्यायचे ठरवले तेव्हा मात्र अडचण वेगळीच निघाली. तो लालबागला राहतो. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये त्याच्या वाट्याला यांत्रिक पार्किंगमधली वरची जागा आली आहे. त्याचे मन एका उंच एसयूव्हीवर बसले होते आणि टोकन भरायला तो निघालाच होता. मी म्हटले, "अरे, आधी पार्किंगच्या खांबावरची पाटी वाचून ये." पाटीवर गाडीची कमाल उंची 1550 मिलिमीटर लिहिलेली होती. एसयूव्ही तर सोडाच, वॅगन आरसारखी छोटी गाडीही तिथे चढत नाही, कारण तिची लांबी 3655 मिलिमीटर असली तरी उंची 1675 आहे. उलट तिच्याहून लांब असलेली बलेनो, 3990 मिलिमीटर लांब आणि 1500 उंच, तिथे बसते. गाडी मोठी की लहान हे आपण नजरेने ठरवतो. पार्किंगचा पाळणा ते मापाने ठरवतो, आणि लांबी, रुंदी, उंची, वजन ही चारही मापे तिथे पाहिली जातात. "मावशी, हे सोसायटीत कोणीच बोललं नव्हतं," तो म्हणाला. त्याच इमारतीत दोन कुटुंबांनी गाड्या आधी घेतल्या आणि आता त्या रस्त्यावर उभ्या राहतात. मुंबईत गाडी निवडताना शोरूमच्या आधी मोजपट्टी घेऊन स्वतःच्या पार्किंगमध्ये जावे असे मी आग्रहाने म्हणते ते यासाठीच.

इंधनाचा प्रश्नही त्याने मित्रांना विचारून सोडवला होता आणि सर्वांनी सीएनजी सांगितले होते. आम्ही वही घेऊन बसलो. पेट्रोल 104 रुपये लिटर धरले आणि मुंबईच्या वाहतुकीत लिटरला 13 किलोमीटर धरले, तर किलोमीटरला आठ रुपये पडतात; सीएनजी 80 रुपये किलो आणि किलोला 20 किलोमीटर धरले तर चार रुपये. सीएनजीच्या गाडीला 90 हजार रुपये जास्त द्यायचे असतील, तर ते 22 हजार 500 किलोमीटरनंतर वसूल होतात. भाचा कामावर लोकलने जातो आणि महिन्याला त्याची गाडी 400 किलोमीटरही चालणार नाही. म्हणजे वसुलीला पावणेपाच वर्षे, आणि तोवर डिकीतली बरीचशी जागा सिलिंडरने व्यापलेली. रोज ठाण्याहून अंधेरीला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यासाठी हाच हिशेब सीएनजीच्या बाजूने झुकतो. डिझेलबद्दल मी एवढेच म्हणेन की 2020 पासूनच्या, धुराच्या बीएस 6 नियमांत बसणाऱ्या डिझेल गाड्यांमध्ये काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो, ती काजळी जळून जायला मोकळ्या रस्त्यावर सलग वेगाने चालवावे लागते, आणि दादर ते परळ एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्याला ते जमत नाही.

कर्जाच्या बाबतीत मी आयुष्यभर बँकेच्या कर्ज विभागात काम केल्यामुळे जरा कठोर आहे. शोरूममध्ये ग्राहकाला व्याजाचा एकूण आकडा क्वचितच सांगितला जातो. हप्ता किती बसतो एवढेच सांगितले जाते. 8 लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे 16,600 रुपये येतो आणि सात वर्षांसाठी घेतले तर सुमारे 12,900. दरमहा वाचलेले ते 3,700 रुपये ऐकायला बरे वाटतात, पण एकूण व्याज 1 लाख 96 हजारांवरून 2 लाख 81 हजारांवर जाते. शिवाय गाडीची किंमत दरवर्षी उतरत असल्यामुळे सहाव्या वर्षी ती विकायची वेळ आली, तर हातात येणाऱ्या रकमेतून आधी बँकेचे देणे फेडावे लागते. पाच वर्षांत न फिटणारी गाडी आपल्या ऐपतीबाहेरची आहे असे मी भाच्याला सांगितले, आणि त्याने एक दर्जा खालचे मॉडेल निवडले.

शोरूमने दिलेल्या ऑन-रोड किमतीच्या कागदावर नोंदणी, रस्ता कर आणि विमा यांच्याखाली 'हाताळणी' आणि 'आवश्यक किट' अशा दोन ओळी होत्या, मिळून 24 हजारांच्या. रस्ता कर सरकार ठरवते. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला तो 11 टक्के आहे आणि त्याची पावती मिळते. हाताळणीची सरकारी पावती कोणी देत नाही. भाच्याने शांतपणे त्या दोन ओळींचा खुलासा लेखी मागितला आणि दुसऱ्या दिवशीच्या कागदावर त्या नव्हत्या. विमाही शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नसते. त्याने बाहेरून दर मागवले आणि इंजिन संरक्षणाची जोड घेतली, जी मुंबईत मी कधीही वगळू देत नाही. पाण्यात उभी असलेली गाडी सुरू केली की हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये जाते, पाणी दाबले जात नाही म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा भरून मिळत नाही. नोंदणी होण्याआधी त्याने गाडी यार्डात जाऊन पाहिली आणि फॉर्म 22 वरचा निर्मितीचा महिना वाचला, कारण वर्षाअखेरच्या मोठ्या सवलतीत बऱ्याचदा अकरा महिने उन्हापावसात उभी असलेली गाडी मिळते.

माझी ती सेडान मी 2019 मध्ये विकली. घेणाऱ्या गृहस्थांना सीटबेल्टवरची रेघ स्वतः दाखवली, झालेल्या दुरुस्त्यांची बिले दिली आणि 1 लाख 40 हजारांना व्यवहार केला. गाडी पाण्यात गेलेली असल्याचे दोघांच्या सहीच्या कागदावर लिहिले. गाडी राज्याच्या आतच विकली असेल तर विकल्याची सूचना मालकाने 14 दिवसांत आरटीओला द्यायची असते, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो, गाडी प्रत्यक्षात कितीही हात फिरलेली असो. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळे होण्याऐवजी मी मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 पूर्ण भरून त्यांच्यासोबत आरटीओत गेले. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तसा जात नाही आणि त्यासाठी 14 दिवसांत अर्ज करावा लागतो, हे त्यांना माहीत नव्हते; तो अर्ज आम्ही आरटीओसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे राहून भरला. पुढे 'वाहन' या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर मी एक दिवसाआड गाडीचा क्रमांक टाकत राहिले. नोंदणीत त्यांचे नाव दिसले तेव्हा जूनचा पहिला आठवडा चालू होता. मी त्यांना फोन करून तसे कळवले आणि पाणी भरणाऱ्या गल्लीत गाडी लावू नका, एवढी विनंती केली.