फुलीच्या जागी शून्य

३४ × १२ = १०२. चौथीतल्या एका मुलीच्या चौकटीच्या वहीत हे उत्तर होतं. अक्षर सुबक, एकेक आकडा आपल्या चौकटीत. वरच्या ओळीत ६८, खाली ३४, बेरीज १०२. पाढा चुकला नव्हता, बेरीजही बरोबर होती.

मी विचारलं, "चौतीस दाहे किती?"

"तीनशे चाळीस." लगेच उत्तर.

"मग बारा वेळा घेतले तर एकशे दोन कसे होतील गं?"

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, फुली राहिली."

मला वाईट वाटलं ते याचं. उत्तर दहापटीपेक्षाही कमी आलंय हे तिला खटकलंच नाही, खटकली ती फुली. आम्हाला शाळेत हेच शिकवलं होतं. दुसरी ओळ आली की एककाखाली फुली टाकायची. कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं, तर "टाकायची असते" एवढंच उत्तर मिळालं. त्या फुलीखाली शून्य दडलेलं आहे, आपण एकाने नाही तर दहाने गुणतोय, हे मला डी.एड.ला जाईपर्यंत कळलं नव्हतं.

मी चाळीसगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्या दिवसापासून वर्गात फुली बंद केली, आणि काही आठवडे उभी मांडणीही.

दिवाळीच्या सुट्टीआधी व्हरांड्यातल्या फरशीवर खडूने ठिपके काढले, रांगोळीला काढतो तसेच. एका ओळीत चौदा ठिपके, अशा बारा ओळी. एकूण किती? काही जण एकेक मोजायला बसले आणि साठ-सत्तरच्या आसपास चुकले. मग लाल खडूने दहाव्या ठिपक्यानंतर एक उभी रेघ मारली आणि दहाव्या ओळीखाली एक आडवी. चार तुकडे पडले. मोठा चौकोन दहा बाय दहाचा, शंभर ठिपके. त्याच्या उजवीकडे चार ठिपक्यांच्या दहा ओळी, चाळीस. खाली दहाच्या दोन ओळी, वीस. कोपऱ्यात उरले आठ. एकशे अडुसष्ट.

एक मुलगा मात्र वहीत १०८ लिहून बसला होता. दहा दाहे शंभर, चार दुणे आठ. दशकाला दशकाने, एककाला एककाने गुणलं की झालं, असं त्याला वाटत होतं. ही चूक दरवर्षी निम्म्या वर्गाची होते. फळ्यावर ती समजावताना माझा घसा कोरडा पडायचा. इथे मी त्याला एवढंच म्हटलं, "तू मोजलेल्या ठिपक्यांवर हात फिरव." त्याने शंभरांवर फिरवला, कोपऱ्यातल्या आठांवर फिरवला, आणि मधले दोन तुकडे बघून थांबला. "हे राहिले." साठ ठिपके, त्याचे त्यालाच सापडले.

पुढचे काही दिवस वहीत तसाच चौकोन काढायचा. चौतीसचे तीस आणि चार, बाराचे दहा आणि दोन. ३००, ४०, ६०, ८. मिळून ४०८.

यात आपल्या मराठी संख्यांचीही एक अडचण आहे. चौतीस म्हणताना आधी चार, मग तीस. एकोणसाठ म्हणताना तर कानावर साठच पडतं आणि लिहायचे असतात ५९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे त्यामागचं कारण सांगत होत्या. मी सत्तावीस, अठ्ठावीस सोडायला सांगणार नाही, ते आपले शब्द आहेत. पण संख्या फोडताना माझी मुलं 'तीस चार' असंच म्हणतात, आणि त्याने फरक पडतो.

एक आजोबा शाळेत आले होते. "मॅडम, तीन ओळींचं गणित पानभर कशाला?" मी त्यांना बाजारातला हिशोब विचारला, पस्तीस रुपये किलोने अठ्ठेचाळीस किलो. "पस्तीस पन्नासे साडेसतराशे, त्यातून सत्तर गेले, सोळाशे ऐंशी." कागद नाही, पेन्सिल नाही. म्हटलं, बाबा, तुम्ही अठ्ठेचाळीसचे पन्नास वजा दोन केलेत ना, मी मुलांना हेच शिकवतेय. ते हसले आणि नातवाची वही बघत बसले.

आमच्याच तालुक्यात पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने कोरवलेला शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत १३५ गुणिले १२ चं उदाहरण येतं आणि ते सोडवायच्या रीतींमध्ये गुणक फोडण्याची रीतही आहे, बाराचे आठ आणि चार करा किंवा दहा आणि दोन. पाटणादेवीच्या सहलीत गाडीत मुलांना तेच गणित घातलं. १३५०, २७०, आणि मागच्या सीटवरून १६२०.

आता उभी मांडणी सुरू केली आहे. परवा त्याच मुलीची वही तपासली. ३४ × १२. तिने आधी ३४० लिहिले होते, शून्यासकट, आणि त्याखाली ६८. ओळी उलट्या क्रमाने. मी काही बदललं नाही, ४०८ पुढे बरोबरची खूण केली.