आखाजीला अमळनेरकडे: तीन पत्त्यांच्या ओट्यावर पोकरचा डाव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात जायचं असेल तर पहिली गोष्ट म्हणजे तिकीट आधी काढा. या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात आणि आदल्या दोन दिवसांत एसटीत उभं राहायलाही जागा मिळत नाही. मी पुण्याहून रेल्वेने जळगावला उतरलो. तिथून सुरतकडे जाणाऱ्या गाडीने अमळनेर, पुढे चोपड्याच्या रस्त्यावर मामांच्या गावापर्यंत एसटी. फाट्यावर उतरलो तेव्हा सकाळचे अकराच वाजले होते, तरी डांबर चपलेला चिकटत होतं. दुपारी बारा ते पाच इथे कुणी घराबाहेर पडत नाही, तुम्हीही पडू नका. पत्ते त्याच पाच तासांत रंगतात.

बाहेरच्यांना आखाजी म्हणजे पुरणपोळी, आंब्याचा रस, गौराई आणि निंबाच्या फांदीला बांधलेले झोके एवढंच माहीत असतं. ते सगळं आहेच. सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्यांचं, सालही याच दिवशी बदलतं. पण ओट्यावरच्या बाप्यांना विचाराल तर आखाजी म्हणजे पत्ते. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा माणूसही या दिवशी सतरंजीवर मांडी घालून बसतो. खेळ बहुतेक तीन पत्तीच.

मी गेलो होतो पत्त्यांचा कॅट घेऊन. पुण्यात आम्ही मित्र शनिवारी पोकर खेळतो, त्यातला टेक्सास होल्डम हा प्रकार, आणि मामांनी फोनवर म्हटलं होतं, "तुमचा तो इंग्रजी जुगार दाखव एकदा." मला वाटलं, तीन पत्ती येणाऱ्यांना पोकर शिकवायला अर्धा तास पुरेल. ज्यांना काहीच येत नव्हतं ती दोन पोरं खरंच अर्ध्या तासात शिकली. ज्यांना तीन पत्ती येत होती त्यांना दोन दिवस लागले.

नियम एका दमात सांगतो. प्रत्येकाला दोन पानं उपडी. मग बोली, म्हणजे पाळीपाळीने रक्कम लावणं. मग मध्ये तीन पानं उघडी, ती फ्लॉप. पुन्हा बोली. चौथं पान टर्न, बोली. पाचवं रिव्हर, शेवटची बोली. हातातली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्याची उत्तम पाच पानं मोठी, त्याचा डाव. मधल्या ढिगाला पॉट म्हणतात.

पहिला घोळ झाला 'ब्लाइंड' या शब्दाने. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणारा. पानं बघितलेल्याला त्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पानं वाटायच्या आधी दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम. वाटणाऱ्याच्या डावीकडचा पहिला स्मॉल ब्लाइंड टाकतो, दुसरा बिग ब्लाइंड, बहुधा दुप्पट. तीन पत्तीतला बूट, म्हणजे डावाआधीची ठरलेली रक्कम, सगळे टाकतात, हे दोघंच टाकतात, आणि दर डावाला ही पाळी एक घर पुढे सरकते. मामांनी दोन्ही पानं गुडघ्याखाली दाबली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मी ब्लाइंड. तुम्ही डबल टाका." त्यांना पटवायला वीस मिनिटं गेली. पानं बघा किंवा नका बघू, पोकरमध्ये त्याची सवलत नाही.

साइड शो पण नाही. शेजाऱ्याकडे झुकून "दाखव रे" म्हणायची सोय बंद, हे ऐकून दोघांचा रसच गेला. पॅक, म्हणजे पानं टाकून डाव सोडणं, इथे फोल्ड. चाल, म्हणजे आधीच्याइतकीच रक्कम टाकणं, इथे कॉल, वाढवली तर रेझ. आपल्या आधी कुणी काही लावलं नसेल तर पैसे न टाकता पाळी पुढे ढकलता येते, तो चेक. चेक मात्र त्यांना फार आवडला. फुकट बसायला मिळतं म्हटल्यावर कोणाला नाही आवडणार?

खरं भांडण झालं तिसऱ्या-चौथ्या डावाला. मामांच्या शेजारचे जिभाऊ, सत्तरीचे, गावात तीन पत्तीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या हातात दोन एक्के आले आणि फ्लॉपवर तिसरा. तीन एक्के! तीन पत्तीत याच्या वर काही नाही. त्यांनी सगळं पुढे सारलं, म्हणजे ऑल-इन. समोर मामेभाऊ, त्याच्याकडे रिव्हरला पंजी-छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी जुळली. मी पॉट मामेभावाकडे सरकवला. जिभाऊंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "हाई काय शे? ट्रेल शे मन्हाकडे." आवाज चढला नव्हता, हेच जास्त वाईट होतं.

ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, पोकरमध्ये सरळ सिक्वेन्सच्याही, म्हणजे लागोपाठच्या पानांच्या रांगेच्याही, खाली आहे, हे सांगायचं कसं? आणि त्याच्या पुढच्याच डावात मामांचा सिक्वेन्स एका पोराच्या बदामाच्या कलरने, म्हणजे सगळ्या एकाच रंगाच्या पानांनी, मारला. तीन पत्तीत नेमकं उलट, सिक्वेन्स कलरला मारतो. आता ओटा सगळा उठून बसला. "तू मनाचे नियम लावतो का रे?"

सुटका केली मामेबहिणीने. ती माहेरपणाला आली होती, शाळेत गणित शिकवते. झोक्यावरून उतरून आली, मागच्या वर्षीचं कॅलेंडर उलटं केलं आणि पाठीवर हिशोब मांडला. तोच इथे देतो, कारण तुमच्या ओट्यावरही हे भांडण होणारच.

तीन पानांचे एकूण हात 22,100. एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत 12 रांगा, प्रत्येक पान चार रंगांतलं कुठलंही, म्हणजे 12 गुणिले 64, 768. त्यातले 48 प्युअर, म्हणजे एकाच रंगातले, काढले की साधे सिक्वेन्स 720. कलर मात्र 1,096. सिक्वेन्स दुर्मिळ, म्हणून मोठा. आता पाच पानं घ्या. एकूण हात 25,98,960. रांगा 10, प्रत्येकीचे 1,024 प्रकार, प्युअर 40 वजा करून सिक्वेन्स 10,200. कलर 5,108. पानं वाढली आणि पारडं फिरलं. तीन सारखी पानं तर 54,912 वेळा येतात, सिक्वेन्सच्या पाचपटीहून जास्त. जिभाऊंनी कॅलेंडर हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "मग तीन पत्तीमा ट्रेल किती?" ती म्हणाली, 52. "आनि प्युअर?" 48. म्हणजे तीन पत्तीत प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मिळ असूनही ट्रेलच वर मानतात! हिशोबाने नाही, रिवाजाने. यावर जिभाऊ हसले, आणि ओटा शांत झाला.

तर चढता क्रम असा, पाठच करून जा. सगळ्यांत खाली नुसतं मोठं पान. मग एक जोडी. मग दोन जोड्या. मग तीन सारखी, म्हणजे आपली ट्रेल. त्यावर सिक्वेन्स, त्याला स्ट्रेट म्हणतात. त्यावर कलर, तो फ्लश. त्यावर फुल हाऊस, म्हणजे तीन सारखी आणि एक जोडी एकत्र. असे हात 3,744, आणि गंमत म्हणजे तीन पत्तीतल्या जोड्याही नेमक्या 3,744च. त्यावर चार सारखी. आणि माथ्यावर एकाच रंगाची रांग, स्ट्रेट फ्लश. त्यातही एक्का-राजा-राणी-गुलाम-दश्शी एकाच रंगात आली तर तो रॉयल फ्लश, जवळपास सव्वीस लाखांत फक्त 4. तो आमच्या ओट्यावर आला नाही, तुमच्या येईल याची वाट बघू नका.

एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी ही रांग धरतात, पण ती सगळ्यांत लहान. तीन पत्तीत एक्का-दुर्री-तिर्रीला बहुतेक ठिकाणी दुसरा मान असतो, म्हणून हे वेगळं सांगून ठेवा. आणि रंगांत लहानमोठं काही नाही. इस्पिकचा एक्का बदामाच्या एक्क्याहून मोठा, ही आपली समजूत. दोघांची पाचही पानं बरोबरीची असली तर पॉट अर्धा अर्धा.

सात पानांतून पाचच धरायची, हे सगळ्यांत उशिरा डोक्यात जातं. दुसऱ्या दिवशी मामा ओरडले, "तीन जोड्या शेतस!" तीन जोड्या असा हातच नाही. मोठ्या दोन जोड्या आणि उरलेल्यातलं सर्वांत मोठं एक पान, बास. या सुट्या पानाला किकर म्हणतात आणि नवशिके सगळ्यांत जास्त त्यावरच हरतात. मध्ये एक्का, नव्वी, सत्ती, चौकी, दुर्री. तुमच्याकडे एक्का-दश्शी, समोरच्याकडे एक्का-राजा. दोघांची जोडी एक्क्यांचीच, पण डाव त्याचा, राजामुळे.

म्हणून हातात एक्का दिसला की उडी मारू नका. दोन एक्के तर सरासरी 221 वाटपांत एकदाच येतात. आठ जण बसले असतील तर बहुतेक डाव पानं टाकूनच द्यायचे. खान्देशी स्वभावाला हे जड जातं. "आलो खेळाले, बसू का उगाच?" असं म्हणून प्रत्येक डावात चाल देणारे तासाभरात रिकामे झाले.

आता बसायच्या रीतीबद्दल. इथे माझी सगळी शिस्त कोलमडली.

ओट्यावर पानं एकट्याची नसतात. मागे तिघं उभे असतात, तुमची पानं बघतात, आणि "अरे दे ना चाल!" म्हणतात. पोकरमध्ये एका हाताला एकच डोकं. डाव चालू असताना सल्ला नाही, आणि फोल्ड केलेल्याने "मी राजा टाकला होता" असं हळहळणंही नाही, कारण त्यावरून बाकीच्यांना हिशोब लागतो. मागच्यांना आम्ही शेवटी एका ओळीत भिंतीकडे बसवलं.

पाळीशिवाय बोलू नये. उजवीकडचा विचार करतोय आणि तुम्ही आधीच पानं फेकलीत, तर त्याला फुकटची माहिती मिळाली. रेझ करायचं तर तोंडाने आकडा सांगा, नाहीतर सगळे दाणे, म्हणजे पैशांऐवजी घेतलेल्या आमच्या चिप्स, एकदम पुढे ठेवा. आधी दोन ठेवायचे, समोरच्याचा चेहरा बघायचा, मग आणखी चार सरकवायचे, ही मामांची खास लकब. त्याला स्ट्रिंग बेट म्हणतात आणि ती चालत नाही. दाणे पॉटमध्ये भिरकावू नका, आपल्या पुढ्यात ठेवा, मोजून झाले की आत सारतात. पानं कायम सतरंजीवर, सगळ्यांना दिसतील अशी. गुडघ्याखाली नाहीत.

रिव्हरनंतर ज्याने शेवटची बोली वाढवली तो आधी पानं दाखवतो. जिंकायचं तर दोन्ही पानं उघडी करावी लागतात, एक झाकून चालत नाही. आणि आपण जिंकलोय हे ठाऊक असताना समोरच्याला हात पुढे करू द्यायचा आणि मग सावकाश पानं उलटायची, हा प्रकार सगळ्यांत वाईट मानतात. तीन पत्तीत त्यालाच मजा म्हणतात, हे मला मान्य आहे.

सामानाचं सांगतो. कागदी पानं नेऊ नका. घामाने दोन तासांत वाकतात आणि मग पिसताच येत नाहीत. प्लास्टिकची न्या. कूलर सतरंजीकडे तोंड करून लावू नका. आमचा एक फ्लॉप उडून थेट अंगणात गेला होता. लाइट जाते, तेव्हा ओट्यावर उजेडाच्या बाजूला बसा. चिप्स म्हणून आधी शेंगदाणे घेतले, पण पॉट मोजताना दर वेळी कमी भरायचा आणि कुणीतरी तोंड हलवत असायचं. मग मामींनी चिंचोके काढून दिले. उन्हाळ्यात चिंच फोडलेली असते, घराघरात चिंचोक्यांचा डबा असतोच. प्रत्येकी 50 चिंचोके, ब्लाइंड 1 आणि 2. दोन तास आरामात जातात.

पैसे लावू नका. गावाबाहेर झाडाखाली आखाजीला मोठे डाव बसतात, 'झन्ना-मन्ना' हा पत्त्यांचा जुगारही चालतो, पाहुण्याला आग्रहही होतो. मी गेलो नाही. आपल्याकडे 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि आखाजीला तो सुट्टीवर जात नाही. पोलिसांची धाड पडली की पाहुणा पळतानाही पहिला सापडतो, त्याला गल्ल्या माहीत नसतात. मोबाइलवर पैसे लावून खेळायचा रस्ताही 2025 च्या ऑगस्टमधल्या केंद्राच्या कायद्याने बंद केला.

जेवणाचं वेगळं सांगत नाही. रस-पोळी झाल्यावर दोन तास पत्त्यांत डोकं चालत नाही, एवढं लक्षात ठेवा. माझे सगळ्यांत जास्त चिंचोके त्याच वेळात गेले, आणि ते मामेबहिणीने नेले. ती खेळायला बसली की दहापैकी आठ डावांत फोल्ड करायची.

निघताना कॅट तिथेच ठेवून आलो. परवा रात्री साडेदहाला मामांचा फोन. मागे चिंचोक्यांचा आवाज. "मध्ये तीन राजे, दोन नव्व्या. फुल हाऊस सगळ्यांचाच ना? मग जिभाऊ म्हणतात त्यांचा डाव मोठा, त्यांच्याकडे दोन एक्के शेतस." मी म्हटलं, जिभाऊ बरोबर आहेत. तीन राजे आणि दोन एक्के, नव्व्या सोडून द्यायच्या. फक्त चौथा राजा किंवा उरलेल्या दोन्ही नव्व्या कुणाकडे नाहीत ना, तेवढं बघा.

पलीकडे एकदम शांतता झाली. मग कुणीतरी पान आपटल्याचा आवाज आला.