रुळावरची खळ : कागदाला गोंद लावणारी यंत्रे पाहण्यासाठी केलेला तीन दिवसांचा प्रवास

आमच्या कामात पुठ्ठ्यावर कागद चढवणे आणि वह्या-पुस्तकांची बांधणी करणे ही दोन्ही कामे अनेक वर्षे ब्रशनेच होत आली. हात कितीही सरावलेला असला तरी मोठ्या तावावर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत ब्रश पोहोचेतो पहिला कोपरा सुकू लागतो आणि महिन्याभराने नेमका तोच कोपरा उचलला जातो. म्हणून यंत्र घ्यावे असे ठरले. मात्र माहितीपत्रकावर विसंबून न राहता यंत्र प्रत्यक्ष चालताना पाहावे, यासाठी तीन दिवस काढून तीन ठिकाणी जाऊन आलो. पहिले ठिकाण पाकिटांचा कारखाना, दुसरे खोके आणि बांधणीची कार्यशाळा, तिसरे अशा यंत्रांचे रूळ, म्हणजे गोंद लावणारे रोलर, घासून दुरुस्त करून देणारे वर्कशॉप. याच कामासाठी कोणी निघणार असेल तर हाच क्रम ठेवावा असे सुचवेन, कारण रूळ बिघडल्यावर कागदावर काय उमटते हे आधी पाहिले असले की वर्कशॉपमध्ये विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात.

पाकिटांच्या कारखान्यात पाळी सुरू होण्यापूर्वी अर्धा तास पोहोचलो, हे उत्तम झाले. यंत्र रंगात आल्यावर सगळीच यंत्रे चांगली दिसतात. रात्रभर थांबलेले यंत्र सुरू करताना काय काय करावे लागते, ते पाहण्यासारखे असते. गोंदाच्या तबकावर साय धरली होती. कारागिराने ती ढवळून आत न मुरवता सपाट पट्टीने अलगद उचलून टाकली. ढवळली असती तर तिचे तुकडे दिवसभर रुळावर फिरले असते आणि प्रत्येक तुकड्यामागे कागदावर एक कोरडी रेघ उमटली असती.

पाकिटाच्या झाकणाला जो डिंक लागतो, तो ओला करून पुन्हा चिकटवायचा असतो आणि बहुधा डेक्स्ट्रिनचा, म्हणजे पिष्टापासून (स्टार्चपासून) केलेल्या चिकट पदार्थाचा, असतो. पूर्वी हे काम हाताने करताना कापलेली पाकिटे पत्त्यांसारखी पसरत, म्हणजे प्रत्येकाची फक्त कड उघडी राही, आणि सगळ्या कडांवरून एकदम ब्रश फिरवत. यंत्रानेही हीच युक्ती उचलली आहे. पाकिटे एकावर एक सरकवलेल्या स्थितीत पुढे येतात, उघड्या कडांवर रूळ डिंक ठेवतो आणि तशीच ती गरम हवेच्या बोगद्यातून जातात. घडी घालणाऱ्या यंत्राचे पेटंट एडविन हिल आणि वॉरन डी ला रू यांनी 1845 साली घेतले आणि 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनात ते यंत्र मांडले होते. त्याच्या काही वर्षे आधी, 1840 साली निघालेल्या पहिल्या टपाल तिकिटांच्या पाठीवरचा डिंक मात्र माणसे ब्रशनेच लावत होती.

इथे एक गोष्ट जवळून पाहायला मिळाली. बोगद्यातून बाहेर आलेल्या पाकिटाचे झाकण हळूहळू डिंकाच्या बाजूला वळू लागले. डिंकाचा थर सुकताना आकसतो आणि कागदाला आपल्याकडे ओढतो. हवा जितकी कोरडी, तितका बाक जास्त. त्यावर उपाय म्हणून डिंक लावलेल्या कागदाची पट्टी एका धारदार कडेवरून ताणून नेतात, म्हणजे थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक भेगा पडतात आणि त्याचा जोर मोडतो. तसा मोडलेला आणि न मोडलेला असे दोन नमुने मागून घेतले. टेबलावर ठेवल्यावर एक सपाट पडला आणि दुसऱ्याची दहा मिनिटांत नळी झाली.

डिंक सगळीकडे सारखा लागला की नाही, हे पारदर्शक डिंकात डोळ्यांना कळत नाही. तिथल्या कारागिराने आयोडीनची बाटली काढली. पिष्टाच्या खळीवर आयोडीनचा थेंब निळा-काळा होतो. डेक्स्ट्रिनवर तो तांबूस-जांभळट होतो आणि फार पुढपर्यंत विघटन केलेल्या डेक्स्ट्रिनवर रंग उमटतच नाही, त्यामुळे ही परीक्षा कुठे लागू पडते ते आधी पाहून घ्यावे. पीव्हीए, म्हणजे नेहमीच्या पांढऱ्या गोंदाला ती मुळीच उपयोगाची नाही, आणि ज्या कागदाला कारखान्यातच पिष्टाचा हात दिलेला असतो, तो कागद तर सगळाच निळा होतो. आपल्या कोऱ्या कागदावर एक थेंब आधी टाकून पाहिला की हा घोटाळा टळतो.

दुसरा दिवस सर्वांत शिकवणारा आणि थोडा खजील करणारा ठरला. इथे सपाट ताव एका बाजूने आत सारायचा आणि तो दुसऱ्या बाजूने पूर्ण पाठीवर सरस लागून बाहेर यायचा, असे यंत्र होते. रचना अगदी साधी आहे. तबकात अर्धा बुडालेला एक रूळ सरस वर आणतो. त्याच्याजवळ दुसरा रूळ किंवा पात्याची धार असते, तिच्यामुळे जादा सरस परत खाली जातो आणि ठरावीक जाडीचा थर पुढे राहतो. त्या थराला ताव लागून जातो. ताव रुळाला चिकटून त्याच्याबरोबर गुंडाळला जाऊ नये म्हणून रुळाच्या अंगावरच्या बारीक खाचांत तारेची बोटे बसवलेली असतात, ती ताव उचलून धरतात. यंत्राचा जीव या तारांत आहे, पण पाहायला आलेल्या माणसाचे लक्ष त्यांच्याकडे क्वचितच जाते.

मिस्त्रींनी त्यांच्याकडचा जाड कागद घातला. तो इतका सुरेख बाहेर आला की मी मनात यंत्र घेऊनही टाकले. मग मी माझा, आमच्याकडे नेहमी वापरतो तो 90 जीएसएमचा (चौरस मीटरला 90 ग्रॅम वजनाचा) कागद दिला. पहिला ताव तारांपर्यंत आला, थरथरला आणि सरळ रुळाभोवती गुंडाळला गेला. दुसरा मधेच सुरकुतला. मिस्त्रींनी यंत्र बंद केले, रुळावरचा लगदा काढला, माझ्या कागदाचा एक तुकडा फाडला, त्याला जिभेने ओलावा दिला आणि तो कसा वळतो ते पाहून म्हणाले, “तुम्ही ताव आडवा घालताय. याचा ग्रेन तिकडून आहे.” ग्रेन म्हणजे कागदाचे तंतू ज्या दिशेने बसलेले असतात ती दिशा. त्या दिशेला कागद ओला झाल्यावर फारसा वाढत नाही, आडव्या दिशेला मात्र बराच वाढतो, शिवाय तंतूंच्या आडव्या दिशेने त्याचा ताठपणाही कमी असतो. मी घातलेल्या तावाची पुढची कड त्यामुळे लुळी पडत होती आणि तारांवर चढण्याऐवजी रुळाबरोबर जात होती. त्यांनी ताव फिरवून घातला, तारा किंचित पुढे घेतल्या आणि वेग कमी केला. मग पाचपैकी चार ताव नीट आले.

माझी दुसरी चूक कागद नेण्याची होती. आदल्या रात्री मुक्कामाच्या खोलीत मी कागदाचे बंडल उघडेच टेबलावर ठेवले होते आणि बाहेर पाऊस होता. कडांनी ओल घेतली, मध्य कोरडा राहिला आणि तावाच्या कडा लाटेसारख्या झाल्या. असा ताव कुठल्याच रुळाखाली सपाट बसत नाही. म्हणून पुढे जाणाऱ्यांना आग्रहाने सांगतो, की आपल्या रोजच्या वापरातले, सर्वांत पातळ आणि सर्वांत त्रास देणारे असे दोन्ही प्रकारचे कागद किमान पन्नास-पन्नास ताव घेऊन जावेत, ते प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवावेत आणि यंत्राशेजारी पोहोचेपर्यंत उघडू नयेत. प्रत्येक बंडलावर ग्रेनच्या दिशेने बाण काढून ठेवला तर माझ्यासारखी फजिती होणार नाही.

आपला गोंदही सोबत न्यावा, कारण सरस, खळ आणि पीव्हीए यांना एकच यंत्र सारखेच वागवत नाही. सरसाचे तबक साधारण 60 अंश सेल्सियसवर ठेवावे लागते. फार तापवला तर त्याची पकड कमी होते आणि थंड झाला तर रुळावरच गोठतो. पीव्हीएला उष्णता लागत नाही, पण तो किंचित आम्लधर्मी असल्यामुळे साधे लोखंड गंजते आणि गंजाचे पिवळे डाग पांढऱ्या कागदावर उतरतात, म्हणून त्याच्यासाठी तबक व रूळ स्टेनलेस स्टीलचे आहेत ना ते विचारावे. हॉटमेल्टचे प्रकरण वेगळेच आहे. तो दीडशे अंशांच्या वर वितळलेल्या अवस्थेत राहतो आणि कागद काही सेकंदांत जोडावा लागतो, त्यामुळे मोठ्या तावाची पूर्ण पाठ माखायला मला तो सोयीचा वाटला नाही.

मिस्त्रींनी सांगितलेला एक प्रसंग मी वहीत चौकट करून लिहून ठेवला. डेक्स्ट्रिनच्या गोंदात बहुधा टाकणखार असतो. एकदा कोणीतरी तबक नुसते पुसून त्यात पीव्हीए ओतला, आणि थोड्याच वेळात तबकात दह्यासारख्या गुठळ्या झाल्या. नळ्या, पंप, रूळ सगळे उघडून धुवावे लागले. टाकणखार आणि पीव्हीए यांचे जमत नाही. ज्यांना एकाच यंत्रावर दोन्ही गोंद चालवायचे आहेत, त्यांनी यंत्र पाहताना ते किती वेळात पूर्ण उघडून धुता येते हे स्वतः घड्याळ लावून पाहावे. मी पाहिले : तबक, पाते आणि तारा काढून धुऊन परत बसवायला दोन माणसांना चाळीस मिनिटे लागली, आणि माहितीपत्रकात या चाळीस मिनिटांचा उल्लेख कुठेही नव्हता.

तिसऱ्या दिवशीच्या वर्कशॉपमध्ये यंत्र चालत नव्हते, नुसते रूळ मांडलेले होते. तरी सर्वांत जास्त वेळ मी तिथेच घालवला. दोन रुळांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ धातूच्या पट्ट्यांनी) फक्त दोन टोकांना मोजून भागत नाही, कारण लांब रूळ मधोमध झिजलेला किंवा वाकलेला असू शकतो. तिथल्या वयस्कर कारागिराने खोलीतले दिवे मालवले, रुळांच्या मागे एक नळीदिवा धरला आणि मला समोरून पाहायला सांगितले. फटीतून प्रकाशाची एक बारीक रेघ दिसत होती. रूळ हाताने सावकाश फिरवताच ती रेघ एका जागी जाड होई, पुन्हा बारीक होई. रूळ केंद्रातून सरकला होता. “ही रेघ जशी श्वास घेते, तसाच गोंद जाड-पातळ लागतो,” असे ते म्हणाले, आणि यापेक्षा नेमके सांगणे मला तरी जमले नसते.

याच ठिकाणी एक साधा हिशेब शिकलो. छापील डागासारखा जाड पट्टा तावावर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते अंतर मोजून 3.14 ने भागावे. जो आकडा येईल तितक्या व्यासाचा रूळ दोषी असतो. आमच्या नमुन्यावर पट्टे 314 मिलिमीटरवर येत होते, म्हणजे 100 मिलिमीटर व्यासाचा रूळ. उलट, दोष तावाच्या लांबीभर एकाच रेषेत धावत असेल तर तो रुळाचा नसून पात्याला अडकलेल्या कणाचा किंवा धारेला पडलेल्या खाचेचा असतो.

गोंद किती लागतो हे मोजायला कोणत्याही महागड्या उपकरणाची गरज नाही, 0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा पुरेसा आहे. 30 × 40 सेंटिमीटरचा ताव म्हणजे 0.12 चौरस मीटर. माझा ताव आधी 10.80 ग्रॅम होता, पीव्हीए लावून बाहेर येताच 13.80 ग्रॅम भरला. 3 ग्रॅमला 0.12 ने भागले की 25 ग्रॅम प्रति चौरस मीटर ओला गोंद निघतो. त्या गोंदातले घन पदार्थ निम्मे असल्यामुळे सुकल्यावर साडेबारा उरतो. मात्र ताव बाहेर पडताक्षणी तोलावा लागतो, कारण पाणी उडू लागले की आकडा घसरतो. दहा ताव ओळीने तोलावेत आणि सरासरीपेक्षा त्यांतला फरक पाहावा. एकाच तावाचे डावे, मधले आणि उजवे असे तीन समान तुकडे तोलले तर रुळाचा कलही कळतो. एका यंत्रावर माझा उजवा तुकडा तिन्ही वेळा जड भरला आणि मालकांनी लगेच त्या बाजूचा स्क्रू फिरवला. असा काटा झुळुकीनेही हलतो, त्यामुळे पंखा बंद करायला सांगावे लागते. त्यात संकोच करू नये.

कपड्यांबद्दलही दोन शब्द लिहिणे भाग आहे. दोन रूळ एकमेकांत जिथे शिरतात, ती जागा बोट, बाही, ओढणी काहीही आत ओढून घेते. आखूड बाह्यांचा सदरा आणि बंद बूट घालावेत, अंगठी व गळ्यातला दोरा मुक्कामावर ठेवावा, केस बांधावेत. चालू रुळावर फडके धरून दाखवणारा कारागीर भेटला तर त्याच्या कौशल्याचे कौतुक न करता दोन पावले मागे सरावे. धुण्याचे काम वीज तोडूनच झाले पाहिजे. फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी. दोन ठिकाणी मला ती मिळाली. तिसऱ्या ठिकाणी मिळाली नाही, तेव्हा मी वहीत आकृत्या काढल्या आणि खरे तर त्याच अधिक उपयोगी पडल्या, कारण आकृती काढताना कोणता रूळ कोणत्या दिशेने फिरतो हे विचारावेच लागते.

भेटीची वेळ ठरवताना यंत्र सुरू करताना आणि बंद करून धुताना असे दोन्ही वेळा थांबू द्याल का, असे फोनवरच विचारून ठेवावे, आणि जमल्यास आपल्या कागदाचे एक बंडल आदल्या दिवशी तिथे पोहोचवून रात्रभर यंत्राच्या खोलीतच बांधलेले ठेवायला सांगावे. मी हे केले नव्हते, म्हणून येत्या महिन्यात दुसऱ्या ठिकाणी पुन्हा एकदा जाणार आहे. या वेळी बंडल आधी जाईल आणि बाण बरोबर दिशेने काढलेला असेल.