बटाट्यातले रंग

रविवारी पॅरिसमध्ये पाऊस. बायको म्हणाली, घरात बसून भजी करू. मी मात्र १० नंबरची मेट्रो पकडली आणि अगदी शेवटच्या स्टेशनाला उतरलो. बूलोन-बियांकूर हे पॅरिसला चिकटलेलं गाव, बेळगावला आपलं अनगोळ आहे तसं. तिथं आल्बेर कान म्युझियम आहे.

आडनावाला हसू नका. हा कान बँकवाला होता. १९०९ ते १९३१ त्यानं स्वतःच्या पैशानं फोटोग्राफर जगभर धाडले, माणसांचं रोजचं जगणं टिपायला. बाजार, दुकानं, रस्ते, आणि सगळं रंगीत! काचेवरचे असे ७२,००० फोटो जमले. १९२९ च्या मंदीनं कान बुडाला, काचा राहिल्या.

आता बेळगावजवळच्या कडोलीच्या पोरानं का थबकावं, ते सांगतो. या काचांतला रंग बटाट्याचा आहे. खरंच. बटाटा किसून पाण्यात ठेवला की तळाला पांढरं बसतं ना, ते. त्याचे बारीक दाणे नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगवायचे, एकत्र कालवून काचेवर पसरायचे, फटींत काजळी भरायची, वर फोटोचं रसायन. ल्यूमिएर बंधूंनी १९०७ मध्ये हा माल बाजारात आणला. दर पडला की आमचे बाबा बटाट्याला काय काय बोलायचे, ते इथं लिहिता येत नाही. त्यांना हे ऐकवायला हवं होतं.

एका फोटोला नाक लागेल इतका जवळ गेलो, तर त्यातल्या पागोट्याचा लाल फुटून नुसते ठिपके उरले. दोन पावलं मागं आलो, की पुन्हा लाल. या काचेला उजेड फार लागायचा, म्हणून समोरच्यानं गप्प उभं राहायचं. जो हलला तो पुसट झाला. आमच्या बेळगावच्या रविवार पेठेत उभं कोण राहणार? सगळा बाजार धूर दिसला असता.

कानचा एक माणूस १९१३-१४ च्या थंडीत हिंदुस्थानातही फिरला. मी उगाच बेळगाव शोधत बसलो. नव्हतं.

घरी आमच्या आजीचा एकच फोटो आहे, काळा-पांढरा, स्टुडिओतला. अंगावर शहापुरी लुगडं. म्युझियमच्या दारातूनच आईला व्हिडिओ कॉल लावला.

"काय बघुलैस रे पावसात?"

"आजीचं फोटोतलं लुगडं कुठल्या रंगाचं होतं?"

"हिरवं." मागून काकू ओरडली, "हिरवं कुठलं? जांभळं!" दोघींची चांगलीच जुंपली. माझ्या मोबाइलची बॅटरी संपत आली तरी थांबेनात. शेवटी आईच म्हणाली, "अरे, ते तिचं नव्हतंच. फोटोपुरतं शेजारणीकडनं आणलेलं."