पैठणला गंगेच्या काठानं: आधी विचारा, पाणी सोडलंय का?

पैठणच्या स्टँडवर उतरलं की चहाच्या आधी एक चौकशी करायची: "पाणी सोडलंय का?" कोणालाही विचारा. कोणतं पाणी, कुठून सोडलंय, हे समजावून सांगावं लागत नाही. हा नियम माझ्या मावशीचा. तिचं सासर पैठणचं. १९७० साली लग्न होऊन आली तेव्हा गावाच्या वरच्या अंगाला जायकवाडी धरणाचं काम चालू होतं, म्हणजे नदीचं धरणाआधीचं रूपही तिनं पाहिलंय आणि नंतरचंही. आता ती मुलाकडे संभाजीनगरात राहते, गुडघे कुरकुरतात, पण "गंगेवर जाऊन येऊ का?" म्हटलं की पिशवी भरून दारात उभी. (इथं गोदावरीला गोदावरी म्हणणारा बाहेरगावचा. गावासाठी ती गंगाच.)

पैठणला बहुतेक लोक कसे येतात ते आपल्याला ठाऊक आहे. गाडी थेट समाधी मंदिरापाशी, दर्शन, एखादं पैठणीचं दुकान, आणि दुपारच्या जेवणाला परत घरी. नदी मंदिराच्या पाठीशीच असते, पण तिच्याकडे फोटोपुरतंच बघितलं जातं. आम्ही डिसेंबरातला एक अख्खा दिवस नदीच्या काठाकाठानं आणि तिच्यावरून गावात चढणाऱ्या गल्ल्यांतून घालवला. मोबाइलवर सहा-साडेसहा किलोमीटर भरले, तेही मावशीच्या चालीनं, म्हणजे दर दोनशे पावलांवर ओळखीचं कोणीतरी भेटणार हे धरून.

संभाजीनगरच्या मध्यवर्ती स्टँडवरून पैठणच्या गाड्या दिवसभर असतात. बिडकीन, ढोरकीन करत सव्वा ते दीड तास. सकाळी सहाच्या आसपासची गाडी धरा. सात-साडेसातला घाटावर पोचलात तर नदी तुमची, नऊनंतर ती सगळ्यांची.

सुरुवात आम्ही गावाबाहेरच्या नाथांपासून केली. एकनाथ महाराजांचं समाधी मंदिर हे 'बाहेरचं', आणि त्यांचा राहता वाडा हे गावातलं. दोन्ही वेगळी ठिकाणं आहेत, रिक्षावाल्याला नीट सांगा, नाहीतर माझ्यासारखी उलटसुलट वारी होईल. १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गंगेतच देह ठेवला. तीच नाथषष्ठी. त्या दिवसांत पैठणला यायचं असेल तर यात्रेसाठीच या, दिंड्यांच्या गर्दीत मिसळून जा. निवांत फिरायचं मनात असेल तर मात्र तो आठवडा टाळा.

मंदिरामागच्या पायऱ्यांवर सकाळी दोन प्रकारची माणसं असतात. तांब्या-तुळस घेऊन अंघोळीला आलेली, आणि दशक्रियेसाठी आलेली. एका पायरीवर हसणं, चार पायऱ्यांवर मुंडन केलेला मुलगा कावळ्याची वाट बघत बसलेला. इथं फोटो काढताना कॅमेरा कुठं वळतोय याचं भान ठेवा.

पायऱ्यांकडे जरा वाकून बघा. वरच्या कोरड्या, पांढुरक्या. मग एक ओली काळपट पट्टी, दीडेक हात रुंद, आणि त्याखाली हिरवं शेवाळ. त्या काळ्या पट्टीवरून मावशीनं ताबडतोब सांगितलं, "काल रातच्याला पाणी हितवर होतं. सकाळी उतरलंय." मी पट्टी जवळून बघायला एक पायरी खाली गेले आणि शेवाळावरून पाय सटकून थेट बसलेच. कोपर सोललं, सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. मावशी आधी हसली, मग म्हणाली, "सांगितलं नव्हतं का, ओल्या पायरीवर जाऊ नको?" सांगितलं नव्हतं. तर मी सांगते: ओल्या पट्टीच्या खाली पाय ठेवू नका, आणि गुळगुळीत तळाच्या चपला घालून येऊ नका.

पाणी असं रातोरात चढतं-उतरतं कारण वर जायकवाडी आहे. मातीचं धरण, लांबी दहा किलोमीटरच्या आसपास, दरवाजे २७. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. नावाची गंमत अशी की जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातलं. धरण मुळात तिथं व्हायचं होतं. ते वर पैठणला सरकलं, नाव तेवढं मागे राहिलं. पायथ्याशी १२ मेगावॅटचं वीजकेंद्र आहे. वीज हवी तेव्हा पाणी खाली सोडायचं, आणि नंतर तेच पाणी पंपानं परत धरणात चढवायचं. पाणी उलटं चढतं हे मावशीला आजही पटत नाही. दरवाजे उघडले की मात्र मामला वेगळा. २००६ च्या ऑगस्टमध्ये अडीच लाख क्युसेकनं पाणी सोडलं तेव्हा गंगा गावात शिरली होती. मावशीच्या घरातली तांदळाची कोठी तेव्हा गेली, त्याचा हिशेब ती अजून करते. म्हणून पावसाळ्यात, दसऱ्यापर्यंत तरी, ही चाल नकोच. हिवाळ्यातही घाटावरच्या माणसानं "खाली उतरू नका" म्हटलं की का म्हणून विचारत बसू नका.

घाटावरून पलीकडे बघत मावशी वाळवंट शोधत होती. नाथांची ती गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते: भर दुपारी, तापलेल्या वाळूत चुकलेलं महाराचं लेकरू रडतंय, आणि नाथ त्याला कडेवर घेऊन त्याच्या घरी पोचवतात. सोळाव्या शतकातल्या पैठणात, स्नान करून निघालेल्या ब्राह्मणानं. मावशीला सासूनं ती जागा दाखवली होती, "हितंच" म्हणून. "एवढी वाळू होती, की पायाला फोड यायचे," ती म्हणाली. आता तिथं बाभळी, गाळ, गवत आणि मध्ये संथ पाणी. वरची वाळू धरणात अडली, खालची डंपरनं गेली. गोष्टीतली माणसं अजून सापडतात, वाळू मात्र शोधावी लागते.

तेवढ्यात पाण्यावर बंड्या आला, काळा-पांढरा खंड्या. हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबला, आणि दगडासारखा खाली. पहिल्या सुरात रिकामा, दुसऱ्यात मासा. आम्ही दोघी अर्धा तास त्याच्यापायी बसलो. काठावरच्या गवतात राखी बगळे, शेकाटे, पाणकावळे भरपूर. दुर्बीण असेल तर आणा.

घाटावरून गावातल्या नाथांच्या वाड्याकडे चढ आहे. या प्रवासातला माझा आवडता तुकडा हाच. परंपरा सांगते की प्रत्यक्ष कृष्ण श्रीखंड्या नावानं नाथांच्या घरी बारा वर्षं राबला आणि कावडीनं गंगेचं पाणी वाहून रांजण भरत राहिला. तो रांजण वाड्यात आजही आहे. तुकाराम बीजेला त्याची पूजा होते, त्यात पाणी घालणं सुरू होतं, आणि श्रीखंड्या येऊन गेल्याशिवाय तो भरत नाही अशी श्रद्धा. मोकळ्या हातांनी तो चढ चढताना मला दोनदा थांबावं लागलं. मावशी न थांबता पुढे गेली. "आम्ही डोक्यावर दोन हंडे घेऊन चढायचो गं, आमचं कुणी कीर्तन केलं का?" रांजणापुढे मात्र तिनं बाटलीतलं गंगेचं पाणी डोळ्यांना लावलं.

वाडा दाटीच्या गल्लीत आहे, गाडी दूर ठेवा. बाजूच्या गल्ल्यांत जुन्या लाकडी चौकटी आणि कोरीव तुळया अजून दिसतात, पण झपाट्यानं कमी होतायत.

वाड्यापासून विचारत विचारत नागघाट गाठा. आळंदीची चार भावंडं शुद्धिपत्र मागायला इथं आली, आणि ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ते इथं. दगडी रेडाही आहे. पुढे तोच रेडा या भावंडांबरोबर निघाला आणि जुन्नरजवळच्या आळ्यात थकून पडला. तिथं त्याची समाधी आहे. मला इथं दरवेळी एकच वाटतं: शुद्धिपत्र ज्यांनी द्यायचं होतं, त्यांच्यातल्या एकाचंही नाव पायरीवर बसलेल्या कोणाला सांगता येत नाही, आणि रेड्याला लोक हळद-कुंकू वाहतात.

जरा पुढं तीर्थखांब, नक्षीचा उंच दगडी खांब. पाच मिनिटांत बघून होतो, सावली नाही. त्यापेक्षा वेळ पालथ्या नगरीला द्या. दिसायला नुसतं पांढरीचं टेकाड आहे. शहर पालथं झालं अशी दंतकथा. पण हे सातवाहन राजांचं प्रतिष्ठान, म्हणजे जुनं पैठण. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापारी वर्णनात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि इथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं लिहिलेलं आहे. इथून रंगीत खडे गाड्यांवर लादून भडोचला जात. पायाखाली खापराचे तुकडे दिसतील. एक मी उचलला, कडेला बोटानं दाबलेली नक्षी होती, कुंभाराच्या बोटाची रुंदी माझ्याच बोटाएवढी. बघून होता तिथं परत ठेवला. तुम्हीही ठेवा, जागा संरक्षित आहे.

जेवण साधं: स्टँडच्या बाजूला झुणका, बाजरीची भाकरी, ठेचा. स्वच्छतागृहाची सोय घाटाकडे धड नाही, बायकांनी स्टँडवर किंवा हॉटेलात जाऊन मगच निघावं. पाण्याची बाटली घरूनच.

पैठणी विकत घ्यायची नसली तरी माग बघाच. पदरावर मोर चढवताना विणकर बाई एकेका रंगाची बारकी कांडी चार-पाच धाग्यांपुरती आत-बाहेर करते, शेजारी अशा वीस-पंचवीस कांड्या लोंबत असतात. तासाभरात बोटभरही पदर होत नाही. खरी ओळख उलट्या बाजूला: मोर मागूनही तसाच दिसला पाहिजे, धागे लोंबता कामा नयेत. नाव पैठणचं असलं तरी आज माग जास्त येवल्यात आहेत.

चारनंतर रिक्षा करून नाथसागराकडे, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाकडे गेलो. भिंतीवर जाता येत नाही, पहारा असतो. पक्षी बघायचे तर सोनेवाडीसारख्या फुगवट्याकाठच्या गावांकडे जावं लागतं. जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे पैसे आधी ठरवून घ्या, आम्ही ठरवले नव्हते आणि परतताना वाद झाला. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. पाणी मागे हटलं तिथं गाळपेराचा हरभरा, त्यापलीकडे चक्रवाकांच्या जोड्या, थापटे, तलवार बदकं. रोहित लांब होते, गुलाबी रेघेएवढे.

"त्या पाण्याखाली माझ्या नणंदेचं गाव आहे," मावशी म्हणाली. कुठं म्हणून विचारलं तर तिनं हात केला, मग थोडा डावीकडे नेला, मग खाली घेतला. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. परतीची गाडी शेवटच्यावर ढकलू नका, संध्याकाळी कामगारांची गर्दी असते. आम्हाला बिडकीनपर्यंत उभं राहावं लागलं, मावशीला एका मुलानं जागा दिली.